संगणकालाही पेन्सिल हवी



आमच्या भावकीतल्या एका काकूंना घेऊन मध्यंतरी मी तालुक्याला एका ऑनलाइन केंद्रावर गेलो होतो. काकूंचे वय सत्तरीपुढचे. काका गेले, वारसाची नोंद झाली आणि दीड एकर रान काकूंच्या नावावर आले. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक सगळे पिशवीत, एक कागद कमी नाही. केंद्रावरच्या मुलाने अर्ज भरायला घेतला. दहा मिनिटे टकटक झाली आणि पडद्यावर एक तांबडी ओळ उमटली, तीही इंग्रजीत. मुलगा म्हणाला, "आजी, तुमचं नाव चुकलंय." सातबाऱ्यावर नावाच्या शेवटी 'बाई' होते, आधारवर नव्हते. एवढेच. काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "माझं नाव कसं चुकंल रं? ही काय मी हितं बसलीय की."

त्या एका 'बाई'पायी अर्ज चार महिने अडकला. मुलाचा दोष नव्हता, त्याला पडद्यावर जे दिसले ते त्याने सांगितले. यंत्राचाही दोष म्हणता येत नाही, यंत्र सांगकामे असते.

तुमच्याही घरात अशी एखादी तांबडी ओळ येऊन गेली असेल. नाव जुळत नाही, क्षेत्र जुळत नाही, पीक यादीत नाही, गट नंबर सापडत नाही. आपण कपाळाला हात लावतो, आणि गारपिटीसारखीच हीही एक आपत्ती समजून एस.टी. पकडून घरी येतो. पण ही आपत्ती आभाळातून पडत नाही. अपेक्षेबाहेरची माहिती समोर आली तर यंत्राने काय करायचे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कुठेतरी बसून ठरवलेले असते. किंवा ठरवायचे राहून गेलेले असते, आणि बहुतेक वेळा तसेच होते. शेतकऱ्याचा प्रत्येक कागद आता यंत्राच्या हातून जातो. म्हणून हा विषय एकट्या इंजिनिअर लोकांवर सोडून चालणार नाही. आज त्याविषयीच चार शब्द लिहितो.

न बसणारी माहिती आली की बरेच प्रोग्रॅम दोनच गोष्टी करतात. एक तर हाकलून देतात, नाहीतर मुकाट गिळतात. हाकललेले निदान दिसते. माणूस चिडतो, चार ठिकाणी विचारतो, आज ना उद्या वाट काढतो. गिळलेले मात्र दिसत नाही. ते दहा वर्षांनी कोर्टात दिसते.

क्षेत्राचेच बघा. आपली जुनी माणसे एकर-गुंठ्यात बोलतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि शंभर आरचे हेक्टर. आता कोणी एक एकर वीस गुंठे रान आहे म्हणून कागदावर '१.२०' लिहिले. माणसाच्या मनात साठ गुंठे आहेत, म्हणजे साधारण ६१ आर. पण अर्जातल्या रकान्यात हेक्टर अपेक्षित असेल, तर यंत्र ते १ हेक्टर २० आर समजेल, म्हणजे जवळपास तीन एकर. आणि कोणी तेच १.२० एकराचा दशांश म्हणून वाचले, तर होतात अठ्ठेचाळीस गुंठे. एकच आकडा, तीन रानं. यंत्राच्या दृष्टीने तिन्ही बरोबर, कारण १.२० हा अगदी चांगला, नियमात बसणारा आकडा आहे. तांबडी ओळ येत नाही, काही नाही. अर्ज हिरवा होऊन पुढे जातो. पुढे कोणी ताडून पाहिले की शेतकऱ्यावर ठपका येतो, की याने मुद्दाम क्षेत्र वाढवून दाखवले.

याच माणसाकडे एक एकर पंचेचाळीस गुंठे असे कोणी लिहून दिले असते तर तलाठ्याने तिथल्या तिथे विचारले असते, अहो, पंचेचाळीस गुंठे कसे होतील, चाळिसालाच एकर भरतो. म्हणजे चुकीची माहिती ओळखायला मोठे शास्त्र लागते असे नाही. आकडा कशाचा आहे हे विचारावे लागते, आणि पडताळा घ्यावा लागतो. ज्या सातबाऱ्याचा गट नंबर अर्जात आहे, त्या सातबाऱ्यावर क्षेत्र ०.६१ असताना अर्जात १.२० आले, तर यंत्राने थांबून विचारायला काय हरकत आहे? 'तुम्ही १ एकर २० गुंठे म्हणता आहात का?' एवढा एक प्रश्न, मराठीत. बास.

दुसरी गोष्ट अंदाज करण्याची. हे गिळण्याचेच धाकटे भावंड. एक्सेलच्या तक्त्यात कोऱ्या रकान्यात गट नंबर १२/३ टाइप करून पाहा. ते यंत्र आपल्या शहाणपणाने ठरवते की ही तारीख आहे. म्हणजे बाराव्या गटाचा तिसरा हिस्सा एका क्षणात मार्च किंवा डिसेंबर महिन्यात जाऊन बसतो. ग्रामपंचायतीत तक्ते भरणाऱ्यांनी हा अनुभव घेतलेला आहे, ते आधी रकान्याला 'हा मजकूर आहे' असे बजावतात आणि मगच लिहितात. तुम्हाला वाटेल की ही खेड्यातली अडचण. तसे नाही. माणसाच्या शरीरातल्या जनुकांना शास्त्रज्ञांनी 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशा धर्तीची आखूड नावे दिली होती. तक्त्यात लिहिली की त्यांच्या तारखा व्हायच्या, आणि चुका छापील संशोधनात जायच्या. शेवटी नावे देणाऱ्या समितीने २०२० साली त्या जनुकांची नावेच बदलली. यंत्र बदलण्यापेक्षा जनुकाचे नाव बदलणे सोपे पडले! आमच्या काकूंना 'बाई' काढा म्हणणारे तेवढे एकटे नाहीत, असे म्हणायचे.

चार्ल्स बॅबेज नावाच्या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात गणिती यंत्राची कल्पना मांडली. त्याला पार्लमेंटच्या सभासदांनी विचारले होते, की यंत्रात चुकीचे आकडे घातले तर बरोबर उत्तर येईल काय? असे दोनदा झाले, आणि असा प्रश्न कोणाला पडावाच कसा हे आपल्याला कळेना, असे त्याने लिहून ठेवले आहे. बॅबेजला हसू आले असेल, पण मला त्या सभासदांची बाजू थोडी पटते. बरोबर उत्तर येणार नाही हे खरे. पण 'आकडा चुकीचा वाटतो' एवढे तरी यंत्राने सांगावे, ही अपेक्षा चूक नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे काम आपल्याकडे कागदावर कसे चालत होते, ते पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्यातले कलम १४९ सांगते, की ज्याला जमिनीत हक्क मिळाला त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे. कसे कळवावे? लेखी किंवा तोंडी. तोंडीसुद्धा चालते, हे लक्षात घ्या. आणि तलाठ्याने काय करावे? ताबडतोब लेखी पोच द्यावी. त्याने आधी सगळे कागद तपासावेत आणि मग पोच द्यावी, असे नाही. आधी पोच. मग कलम १५० प्रमाणे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद. संबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर नोंद फेकायची नाही आणि मंजूरही करायची नाही. ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, गाव नमुना ६-अ. तिथे सुनावणी होते, अधिकारी निकाल देतो. आणि नोंद प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर ती पेन्सिलने लिहायची पद्धत होती. मंडळ अधिकाऱ्याची सही झाली की शाईने.

मंडळी, या पेन्सिलीत फार मोठे शहाणपण होते. पेन्सिलची नोंद म्हणजे, बाबा, तुझे म्हणणे आम्ही ऐकले, लिहून घेतले, ते अजून खरे ठरलेले नाही, पण हरवलेलेही नाही. सातबारा उघडणाऱ्या प्रत्येकाला ती दिसायची. जमीन घेणारा सावध व्हायचा, बँकवाला विचारायचा. नोंद घेणे वेगळे आणि नोंद मंजूर करणे वेगळे, हा भेद कायदा करणाऱ्यांनी ओळखला होता. त्यांना ठाऊक होते, की लोक येतील ते अर्धवट माहिती घेऊनच येतील. बाप मरून वीस वर्षे झालेली असतील, एक बहीण नांदायला कर्नाटकात असेल, एक भाऊ परागंदा असेल. अशा माणसाला दारातून परत पाठवले तर हक्काचा कागद कधीच तयार होणार नाही. आणि त्याचे म्हणणे आहे तसे शाईने लिहिले तर दुसऱ्याचे घर बुडेल. म्हणून मधली जागा ठेवली.

तलाठी-आप्पांचे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपल्या तोंडात आप्पाच बसलेले) सगळे सोन्यासारखे होते असे मी म्हणत नाही. पेन्सिलच्या नोंदी वर्षानुवर्षे पेन्सिलच्याच राहिल्या, काही खोडल्या गेल्या, का खोडल्या तेही आपल्याला माहीत आहे. आणि जुन्या दप्तरात आप्पांची अशी एक भाषा होती, जी कुठल्याही पुस्तकात धड लिहिलेली नव्हती. नावाला कंस केला म्हणजे ते नाव कमी झाले. नंबराभोवती गोल म्हणजे तो फेरफार. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. गावातल्या शहाण्या माणसाला हे सगळे वाचता येई. पण हे दप्तर संगणकावर चढवताना टायपिंगला बसलेल्या शहरातल्या मुलाला हे कोण सांगणार? कंस टाइप करताना गळाला, की कमी झालेला माणूस पुन्हा खातेदार. अज्ञान म्हणून लागलेला मुलगा नातवंडांचा आजोबा झाला, तरी शेरा तसाच. आपल्या लोकांनी कित्येक खेपा घातल्या त्या या गळालेल्या खुणांपायी. मग २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकावरचा सातबारा हस्तलिखिताशी ताडायचा, चावडीवर वाचायचा आणि खातेदाराने हरकत असेल तर सांगायची. माझ्या मते संगणकीकरणातले ते सर्वांत शहाणपणाचे काम होते. यंत्राला न कळलेले माणसांना विचारले.

महसूलच्या ई-फेरफार प्रणालीने कायद्याचा हा क्रम, नोंद, नोटीस, हरकत, मंजुरी, बराचसा सांभाळला आहे. हे मान्य केले पाहिजे. चुका निस्तरायला कलम १५५ आहे, लेखनप्रमाद असेल तर तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्ती होते. माझी तक्रार आहे ती सातबाऱ्याच्या भोवती जी अर्जांची जत्रा भरली आहे तिच्याबद्दल. अनुदान, विमा, ओळखपत्र, हप्ता, दाखले. एकेका खात्याचे एकेक पोर्टल. तिथे ६-अ नाही. पोच नाही. पेन्सिल तर नाहीच.

आणि मधली जागा नसली की काय होते, ते आपल्याला जुन्या काळापासून ठाऊक आहे. तुमच्यापैकी किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो? हात वर करा म्हटले तर निम्मी चावडी हात वर करेल. आपल्या आयांनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्म दिला नाही. बापाने पोराला शाळेत नेले, गुरुजींनी जन्मतारीख विचारली, बाप म्हणाला पेरणीच्या वेळचा आहे. दाखल-खारीज रजिस्टरला 'पेरणीच्या वेळचा' चालत नव्हते, रकाना कोरा ठेवता येत नव्हता. मग गुरुजींनी लिहिले, एक जून. गुरुजींनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. रजिस्टरने करायला लावली. आधारच्या वेळी ज्यांना नुसते वय माहीत होते त्यातल्या अनेकांच्या कागदावर १ जानेवारी चढली. आता शाळेचा दाखला १ जून, आधार १ जानेवारी, आणि पेन्शनच्या अर्जात दोन्ही जुळत नाहीत म्हणून तांबडी ओळ. दोन्ही तारखा मुळात यंत्राच्या आणि रजिस्टरच्या हट्टापायी जन्मलेल्या, आणि त्या जुळत नाहीत म्हणून खोटा ठरतो तो म्हातारा!

आज केंद्राकेंद्रावर हेच चालले आहे. मोबाइल नंबर सक्तीचा आहे, आजोबांकडे मोबाइल नाही, मग केंद्रवाला स्वतःचा नंबर टाकतो. पुढे हप्ता का आला नाही याचा संदेश, ओटीपी, सगळे त्याच्या फोनवर. तो केंद्र बंद करून पुण्याला गेला की आजोबांचा कागद मुका झाला. कुठे रकान्यात नुसता टिंब टाकला तर अर्ज पुढे जातो, कुठे शून्य, कुठे आडवी रेघ. ही युक्ती कुठल्या परिपत्रकात नसते. एक केंद्रवाला दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, आणि बघता बघता तो पायंडा होतो. मग एक दिवस वरचा कोणी प्रोग्रॅम सुधारतो, टिंब चालेनासा होतो, आणि गावे अडकतात.

या पायंड्याची गोष्ट साऱ्या जगात घडली आहे. १९८० साली अमेरिकेत जॉन पोस्टेल नावाच्या संगणकतज्ज्ञाने, ज्याला आज आपण इंटरनेट म्हणतो त्याचे नियम लिहिताना, आपण पाठवायचे ते काटेकोर पाठवावे आणि दुसऱ्याकडून आलेले सैल हाताने घ्यावे, अशा अर्थाचा सल्ला दिला. सल्ला माणुसकीचा होता, आणि त्यामुळे वेगवेगळी यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. पण पुढे असे झाले, की चुकीचे पाठवले तरी खपते म्हटल्यावर पाठवणारे सुधारलेच नाहीत, एकेकाची चूक सगळ्यांची रीत झाली, आणि तिच्या आडून चोरही शिरू लागले. इंटरनेटची रचना पाहणाऱ्या मंडळाने २०२३ साली याच सल्ल्याच्या दुष्परिणामांवर एक टिपण प्रसिद्ध केले. त्याचा रोख असा, की चूक मुकाट खपवून घेण्यापेक्षा ती दिसू द्यावी आणि नियम जिवंत ठेवून दुरुस्त करीत राहावे. आपल्या भाषेत, घ्या, पण शेरा मारून घ्या.

आता एक बारीक पण पोटाशी संबंधित गोष्ट. गावदप्तरात रकाना कोरा ठेवत नाहीत. काही नसेल तर 'निरंक' लिहितात. निरंक म्हणजे मी पाहिले, आणि तिथे काही नव्हते. कोरा म्हणजे पाहिलेच नाही. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि संगणकात ते पुसले जाण्याची भीती सर्वांत मोठी. समजा, एखादे पर्जन्यमापक बंद पडले आणि चार दिवस आकडाच आला नाही. कच्च्या प्रोग्रॅमने तो कोरा रकाना शून्य धरला, तर कागदोपत्री चार दिवस कोरडे गेले. त्या चार दिवसांत ढगफुटी झालेली असू शकते. जाणकार माणसे म्हणूनच न मिळालेल्या आकड्यासाठी वेगळी खूण ठेवतात. विमा आणि दुष्काळ यांचे निर्णय जिथे आकड्यावर व्हायचे, तिथे 'शून्य' आणि 'माहीत नाही' हे दोन वेगळे रकाने असलेच पाहिजेत. सॉफ्टवेअरवाल्यांनी निरंक हा शब्द आपल्याकडून शिकून घ्यावा. फुकट देतो.

पिकांचेही तेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करायची. कल्पना चांगली. पण बांधावर चार ओळी तीळ, मध्ये तूर, कडेला अंबाडी, घरापुरती हुलगे-मटकी असे आपले रान असते. ते यादीतल्या एका नावात कोंबायला गेले की शेतकरी जवळचे दिसेल ते नाव दाबून मोकळा होतो. 'यातले नाही, मी लिहून सांगतो' अशी जागा ठळक असली तर दोन फायदे. शेतकरी खोटे लिहीत नाही. आणि वर बसलेल्याला कळते, की यादीत काय घालायचे राहिले आहे. न बसणारी माहिती म्हणजे कचरा नव्हे, अर्ज कुठे कमी पडतो त्याची ती बातमी असते.

अधिकारी मंडळी इथे म्हणतील, सगळेच लिहून घेतले तर बोगस लोक घुसतील. त्यांचे म्हणणे वाऱ्यावर सोडण्यासारखे नाही. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार आयकर भरणाऱ्यांच्या खात्यातही गेले, आणि मग वसुलीच्या नोटिसा काढाव्या लागल्या. पैसे देताना हात आखडता हवाच. पण लिहून घेणे म्हणजे देणे नव्हे, हे वर सांगितलेच. उलट, ज्याला बोगसच अर्ज करायचा आहे त्याचे कागद शेवटच्या वेलांटीपर्यंत जुळतात, त्याने ते जुळवूनच आणलेले असतात. वेलांटी चुकते ती खऱ्या माणसाची. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत लिहायला चार जणांना सांगा. एक डी-एन-वायने सुरुवात करील, दुसरा जी-वायने, तिसरा जे-एनने. माणूस एकच. अ‍ॅग्रिस्टॅकच्या शेतकरी ओळख क्रमांकासाठी आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव कितपत जुळते याचा हिशेब यंत्र मांडते. 'जुळले' आणि 'नाही जुळले' यांच्या मध्ये 'बरेचसे जुळले' असते, हे कोणाच्या तरी ध्यानात आले, ही त्यातली चांगली बाजू. बरेचसे जुळलेल्या माणसाचा कागद किती दिवसांत कोण पाहतो, यावर पुढचे सगळे.

नीट केलेल्या कामाचा आणखी एक दाखला देतो. २०१७ च्या कर्जमाफीत प्रत्येकाने ऑनलाइन अर्ज भरायचा होता. केंद्रांपुढच्या रांगा तुम्हाला आठवत असतील. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अर्जच ठेवला नाही. बँकांकडून माहिती घेऊन याद्या लावल्या. शेतकऱ्याने विशिष्ट क्रमांक घेऊन जायचे, आपला आधार आणि कर्जाची रक्कम पाहायची. मान्य असेल तर मान्य म्हणायचे. मान्य नसेल तर तसेही म्हणण्याची सोय होती, आणि ती तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जायची. सगळ्यांचे समाधान झाले असे नाही. पण यंत्राला 'तुझा आकडा मला मान्य नाही' असे सांगायला एक बटण होते, ही गोष्ट छोटी नाही. नेहमी यंत्र आपल्याला चूक ठरवते. इथे आपण यंत्राला चूक ठरवू शकत होतो.

तेव्हा आपण काय मागायचे? येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि ठराव लिहून वर पाठवा. शेतकऱ्याच्या अर्जात चूक निघाली तर कोणत्या रकान्यात, काय, आणि काय हवे होते, हे मराठीत छापून मिळावे. भरलेले पुसले जाऊ नये. न जुळणारा अर्जही नंबरासहित जमा व्हावा आणि त्याची पोच मिळावी, कारण पोच नसली तर मुदत संपल्यावर तुम्ही आला होता याला पुरावा नाही. शेतकऱ्याने लिहिले ते मूळ तसेच ठेवावे. यंत्राने किंवा माणसाने दुरुस्ती केली तर ती बाजूला, कोणी आणि कधी केली यासकट दिसावी. सामायिक खात्याला, 'माहीत नाही'ला आणि 'यादीत नाही'ला जागा असावी. आणि अडलेला कागद कोणाच्या टेबलावर आहे ते पदासह कळावे. 'सिस्टिम घेत नाही' हे उत्तर कोणत्याच कायद्यात बसत नाही. सिस्टिम हा काही अव्वल कारकून नव्हे.

ग्राम महसूल अधिकारी, कृषी सहायक, ग्रामपंचायतीतले संगणक चालक यांना माझी वेगळी विनंती आहे. तुम्हाला टिंबाची आणि शून्याची युक्ती माहीत आहे. ती वापरून तुम्ही लोकांची कामे करता, दुवाही घेता. पण युक्ती वापराल तेव्हा एका वहीत लिहून ठेवा, की अमुक तारखेला अमुक रकान्यात अमुक कारणाने असे भरले. आणि महिन्याकाठी ती यादी तहसीलला द्या. प्रोग्रॅम करणाऱ्याला खेडे दिसत नाही, त्याला तुमची वही दिसू द्या. स्वतःचा मोबाइल नंबर मात्र कृपा करून कोणाच्या अर्जात टाकू नका.

आणि शेतकरी बंधूंनो, तांबडी ओळ आली की तिचा फोटो काढा, वाचता येवो न येवो. तारीख लिहा. क्षेत्र सांगताना 'एक-वीस' म्हणू नका, 'एक एकर वीस गुंठे' म्हणा, किंवा सातबाराच पुढे ठेवा आणि तोच आकडा लिहायला लावा. आपले नाव सातबारा, आधार, पासबुक या तिन्हीवर अक्षरशः कसे आहे ते आज संध्याकाळी घरी बसून शेजारी शेजारी ठेवून पाहा. आईचे आणि बायकोचे आधी पाहा. माहेरचे-सासरचे नाव, 'बाई', 'ताई', 'उर्फ' यांचा घोळ त्यांच्याच कागदांत जास्त असतो.

काकूंचे काम शेवटी झाले. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, माझ्या चार खेपा, आणि आधारवर 'बाई' लागले. सातबारा आणि आधार आता जुळतात. पासबुकावर मात्र अजून 'बाई' नाही. येत्या सोमवारी बँकेत जायचे आहे, काकू म्हणाल्या, "मी येते संगं, मला बघूनच लिव्हा म्हणावं."